लेण्यांना कागदावर आणणारे जेम्स फर्ग्युसन

फर्ग्युसन हे नाव उच्चारले की आपल्याकडे पुण्याचे महाविद्यालय आठवते. त्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव दिले आहे ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन होत. आम्ही येथे ज्यांचे चरित्र सांगत आहोत ते त्याच नावाचे व त्याच काळातील, परंतु निराळे गृहस्थ. अजिंठा, वेरूळ आणि कार्ले येथील लेणी छापील चित्रांच्या रूपाने युरोपच्या विद्वानांपुढे ठेवण्याचे मोठे काम त्यांनी केले. मात्र ज्या लोकांच्या पूर्वजांनी ही लेणी कोरली, त्यांच्या बुद्धीविषयी त्यांचे मन अखेरपर्यंत मोकळे नव्हते.

फर्ग्युसन यांचा जन्म २२ जानेवारी १८०८ रोजी स्कॉटलंडमधील एअर या गावी झाला. वडील लष्करात शल्यचिकित्सक होते. एडिंबरो येथील शालेय शिक्षण आटोपताच हा तरुण कलकत्त्यास, घरच्या मंडळींचा संबंध असलेल्या व्यापारी पेढीत दाखल झाला आणि पुढे त्याने स्वतःचा निळीचा कारखाना काढला. दहाएक वर्षांत एवढा पैसा गाठीशी जमला की व्यापार सोडून विद्येच्या मागे लागणे शक्य झाले. बंगालमधील निळीचा पैसा रयतेच्या हालांतून कसा उभा राहत असे, हे १८५९ च्या निळीच्या उठावाने सर्वांना दाखविले. लेण्यांच्या अभ्यासाचा खर्च अशा धंद्यातून निघाला, हे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

वास्तुशास्त्राचे कोणतेही रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. १८३५ पासून पुढील काही वर्षे त्यांनी हिंदुस्थानभर प्रवास केला, तोच त्यांचा अभ्यासक्रम. सोबत कॅमेरा ल्युसिडा नावाचे लहानसे यंत्र असे. त्यातील काचेच्या लोलकामुळे समोरची वास्तू जणू कागदावरच उमटल्यासारखी दिसते आणि तिच्या रेषांवरून पेन्सिल फिरविता येते. १८३९ साली ते अजिंठ्यास पोहोचले. ही लेणी इंग्रजांच्या दृष्टीस पडून तेव्हा वीस वर्षे झाली होती. पण रंगीत भित्तिचित्रांना ओल, धूर आणि वटवाघळे यांचा उपद्रव चालूच होता, शिवाय चित्रांचे तुकडे खरवडून नेणारे हौशी पाहुणेही होते.

डिसेंबर १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी लेण्यांवरील निबंध वाचला. त्याचा परिणाम असा झाला, की सोसायटीने कंपनी सरकारकडे विनंती केली आणि १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मुंबईतही १८४८ साली लेण्यांच्या पाहणीसाठी एक समिती नेमण्यात आली. गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या मोठ्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. अशा वेळी छापील चित्राचे मोल कळते. एका ठशाच्या शेकडो प्रती निघतात आणि त्या शेकडो घरांत जातात; सर्वच एका आगीत नाहीशा होत नाहीत.

फर्ग्युसन यांचा लेण्यांवरील चित्रसंग्रह १८४५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या रेखाटनांवरून थॉमस डिब्डिन या चित्रकाराने गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्रे काढली आणि त्यांवरून छाप घेतले गेले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातील शिळाछाप पोथ्या ज्या रीतीने निघत, तीच ही रीत. दगडात कोरलेली लेणी पुन्हा दगडावरूनच कागदावर उतरली, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. पुढील ग्रंथांत, विशेषतः १८७६ च्या भारतीय व पौर्वात्य वास्तुकलेच्या इतिहासात, लाकडावर कोरलेल्या ठशांची चित्रे मजकुराच्या बरोबरीने छापलेली आहेत.

ही चित्रे केवळ शोभेची नव्हती. वास्तूच्या आकारावरूनच तिचा काळ ठरविता येतो, असे फर्ग्युसन यांचे म्हणणे होते. चैत्यगृहे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की ज्यांत लाकडी बांधणीचे अनुकरण अधिक आणि बुद्धमूर्ती नाही ती आधीची, व ज्यांत स्तूपावरच मूर्ती कोरलेली आहे ती नंतरची, असा क्रम त्यांनी लावला. आज तपशिलात पुष्कळ बदल झाले असले तरी ही वाट चुकीची ठरलेली नाही. पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली, असे गावोगावी सांगितले जाते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना अजून पांडवलेणी म्हणतात. जोतिबाच्या डोंगराजवळील पोहाळ्याची लेणी पाहतानाही खांब, विहार आणि स्तूप यांच्या घडणीकडे पाहावे, हे या पद्धतीने शिकविले.

त्यांची दुसरी बाजू १८८४ च्या पुस्तकात उघड झाली. भारतीयांनी दगडी बांधकाम ग्रीकांच्या संपर्कानंतर उचलले, या त्यांच्या मताला बंगालमधील विद्वान राजेंद्रलाल मित्र यांनी हरकत घेतली होती. फर्ग्युसन यांनी पुराव्याला पुराव्याने उत्तर देऊन थांबावयास हवे होते. ते मित्रांच्या योग्यतेवरच घसरले आणि इल्बर्ट बिलाच्या वादाचा आधार घेऊन, या देशातील माणसे युरोपियनांचा न्याय करण्यास लायक नाहीत, असे सुचवू लागले. कार्ल्याचे १२४ फूट लांबीचे चैत्यगृह त्यांनी बारकाईने अभ्यासिले होते. त्याच्या दर्शनी भागावर धेनुकाकट येथील सामी या सुताराचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे, आणि आत छताच्या लाकडी कमानी आजही आहेत. या देशाच्या कारागिरांची याहून मोठी साक्ष कोणती?

भारतीय कला बौद्ध काळात शिखरावर होती व पुढे ती घसरतच गेली, असेही ते मानत. हे ऐकावयास आम्हांस गोड वाटते, पण खिद्रापूरच्या कोपेश्वराचा मंडप ज्याने पाहिला आहे त्याला ते पटणार नाही.

१८८० साली जेम्स बर्जेस यांच्यासह त्यांनी भारतातील लेण्यांवरील मोठा ग्रंथ सिद्ध केला. ९ जानेवारी १८८६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा वास्तुकलेचा इतिहास बर्जेस यांनी १९१० साली दुरुस्त करून दोन खंडांत पुन्हा छापला.