तीन महिन्यांची शपथ

७ जून १९२५. रविवारची सकाळ. आयर्लंडची राजधानी डब्लिनमधील ग्रॅनबी लेन या अरुंद गल्लीतून एक वृद्ध मजूर मिस्सेसाठी जवळच्या डॉमिनिकन चर्चकडे निघाले होते. चालता चालता ते कोसळले आणि काही क्षणांतच त्यांची प्राणज्योत मालवली. ओळख पटेल असे त्यांच्याजवळ काही नव्हते. जर्व्हिस स्ट्रीट रुग्णालयात मृतदेहावरील कपडे उतरवले गेले तेव्हा अंगाभोवती गुंडाळलेल्या साखळ्या दिसल्या आणि तेथील कर्मचारी थक्क झाले.

हा मनुष्य कोण, याची चौकशी सुरू झाली. मॅट टॅलबट हे नाव त्यानंतर आयर्लंडच्या घराघरांत पोहोचले. आज मद्यपाशातून सुटू पाहणारी माणसे आणि त्यांचे कुटुंबीय जगभर ज्या नावाने प्रार्थना करतात, ते नाव हयातभर मात्र वखारीतल्या हजेरीपुरतेच होते.

बाटलीच्या तळाशी उरलेले

मॅटचा जन्म २ मे १८५६ रोजी डब्लिनच्या उत्तर भागातील एका गरीब कुटुंबात झाला. चार्ल्स आणि एलिझाबेथ टॅलबट यांना बारा अपत्ये झाली; मॅट त्यांतले दुसरे. वडील गोदीच्या परिसरात कामाला होते आणि त्यांना दारूचे व्यसन होते. मोठा भाऊ जॉन वगळता बहुतेक भावांनीही पुढे तीच वाट धरली. भाड्याच्या खोल्या बदलत, अपुऱ्या मिळकतीत एवढे मोठे घर चालवण्याचा भार आईवर होता.

दारूबंदीचा विचार त्या देशाला अपरिचित नव्हता. फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कॅपुचिन धर्मगुरूंनी १८३८ पासून दारू सोडण्याच्या शपथेची मोठी चळवळ उभारली होती आणि लक्षावधी लोकांनी ती शपथ घेतली होती. परंतु १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळाने देशाची घडी विस्कटली आणि चळवळही ओसरली. मॅट जन्मला त्याच वर्षाच्या अखेरीस फादर मॅथ्यू निवर्तले.

जेमतेम अक्षरओळख होते न होते तोच, वयाच्या बाराव्या वर्षी मॅटची शाळा सुटली. दारू बाटल्यांत भरून विकणाऱ्या एका पेढीत तो निरोप्या पोऱ्या म्हणून लागला. तिथे परत आलेल्या बाटल्यांच्या तळाशी घोटभर दारू उरलेली असे. तो घोट चाखण्यापासून सुरुवात झाली. फुकटचा, उरलेला, कोणाच्या हिशेबात नसलेला घोट! त्यात काही गैर आहे असे त्या मुलाला वाटण्याचे कारणही नव्हते. पण वर्षभरातच तो झिंगलेल्या अवस्थेत घरी येऊ लागला.

वडिलांनी त्याला मार दिला आणि आपल्या नजरेखाली राहावा म्हणून गोदीच्या गोदामात कामाला लावले. उपाय रोगाहून वाईट ठरला, कारण त्या गोदामात व्हिस्कीचा साठा असे. पुढे मॅट बांधकामावर विटा आणि चुना वाहणारा बिगारी झाला. कामाला तो वाघ होता; मुकादम त्याला आनंदाने घेत. मात्र शनिवारी हाती पडलेली मजुरी थेट गुत्त्यात जाई आणि आईच्या हातावर क्वचितच काही पडे. पैसे संपले की उधारी, उधारी संपली की अंगावरचे कपडे आणि पायातले बूट गहाण.

ख्रिस्ती परंपरेने मोहाचे हे रूप फार पूर्वी ओळखले होते. बायबलमधील याकोबाच्या पत्रात मोहाची जणू वंशावळच सांगितली आहे : वासनेतून पाप जन्मते आणि वाढलेले पाप मरणाला जन्म देते. चौथ्या शतकात जन्मलेल्या संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात आई मोनिका यांच्या बालपणाचा एक प्रसंग नोंदवला आहे. पिंपातून द्राक्षासव काढण्यासाठी धाडलेली ही मुलगी आधी नुसते ओठ ओले करी. रोज थोडे थोडे वाढत मजल भरलेल्या पेल्यापर्यंत गेली. एका दासीने भांडणात तिला दारूबाज म्हणून हिणवले आणि त्या एका टोमण्याने ती भानावर आली. मॅटला भानावर आणणारा टोमणा मिळायला मात्र सोळा वर्षे लागली. तोही शब्दांचा नव्हता.

शनिवारची ती दुपार

१८८४ साल. मॅट अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या आठवड्यात काम झाले नव्हते, त्यामुळे खिसा रिकामा होता. मजुरीचा दिवस शनिवार. नेहमीच्या गुत्त्याजवळच्या कोपऱ्यावर तो उभा राहिला. आजवर आपण ज्यांना पाजले, त्यांतला कोणीतरी आज आपल्याला आत बोलावील, अशी त्याची खात्री होती. सोबती एकेक करून आले, त्यांनी रामराम केला आणि ते आत निघून गेले. बोलावले कोणीच नाही.

मॅट घरी परतला. शनिवारी दुपारी शुद्धीवर असलेला मुलगा पाहून आईला आश्चर्य वाटले. दारू सोडण्याची शपथ घेणार असल्याचे त्याने सांगितले. पाळायची नसेल तर घेऊ नकोस, एवढेच बजावून तिने त्याला देवाच्या नावाने निरोप दिला. क्लॉनलिफ येथील होली क्रॉस धर्मविद्यालयात जाऊन त्याने एका धर्मगुरूंपुढे पापनिवेदन केले आणि शपथ घेतली. आजन्म नव्हे, तर फक्त तीन महिन्यांची!

आयुष्यभराच्या निश्चयाचे ओझे आपल्याला पेलणार नाही, हे त्या अर्धशिक्षित मजुराला कळले होते. मुदत संपल्यावर आपण पुन्हा पिणार, असेही तो आईजवळ बोलून दाखवी. ज्या व्यसनाने घोटाघोटाने ताबा घेतला होता, त्याची पकड एका झटक्यात सुटणार नव्हती.

रिकामा खिसा

ते तीन महिने टॅलबट यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण होते. काम सुटल्यावरची संध्याकाळ ही खरी वैरीण. पूर्वीचे सोबती त्याच वेळी गुत्त्याकडे वळत. त्या तासांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांनी पायांनी सोडवला. शहरभर ते चालत राहत. थकले की एखाद्या चर्चमध्ये जाऊन बसत. पहाटे कामावर जाण्यापूर्वी गार्डिनर स्ट्रीटवरील जेझुइट चर्चमध्ये मिस्सेला हजर राहण्याचा नेम त्यांनी धरला.

तरीही एके दिवशी पाय घसरलाच. खिशात पैसे खुळखुळत होते आणि ते एका गुत्त्यात शिरले. गर्दी होती, नवख्या गिऱ्हाइकाकडे तिथल्या नोकराचे लक्ष गेले नाही. काही वेळ ताटकळून टॅलबट बाहेर पडले आणि थेट चर्च गाठून दारे बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी खिशात पैसे घेऊन बाहेर पडणे सोडले. स्वतःच्या मनोबलावर विश्वास टाकण्यापेक्षा मोहाची वाटच बंद करणे त्यांना शहाणपणाचे वाटले.

तीन महिने सरले. त्यांनी शपथ सहा महिन्यांनी वाढवली आणि त्यानंतर ती आजन्म घेतली. पुढील एकेचाळीस वर्षांत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. यथावकाश पाइप आणि तंबाखूही सुटली. दारूपेक्षा तंबाखू सोडणे आपल्याला अधिक जड गेल्याचे ते सांगत.

फिडलवाल्याचा शोध

सुटका म्हणजे केवळ न पिणे, असे टॅलबट यांनी मानले नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार पश्चात्तापाला क्षमेइतकेच भरपाईचे अंग असते. गुत्तेवाल्यांची जुनी उधारी त्यांनी मजुरीतून फेडली. एक ऋण मात्र फिटण्यासारखे नव्हते.

व्यसनाच्या दिवसांत त्यांनी आणि सोबत्यांनी रस्त्यावर वाद्य वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाचे फिडल लांबवले होते आणि ते विकून दारू प्यायली होती. शुद्धीवर आल्यानंतर टॅलबट त्या माणसाच्या शोधात कित्येक वर्षे शहरभर हिंडले. तो सापडला नाही. अखेर वाद्याच्या मोबदल्याची रक्कम त्यांनी चर्चला दिली आणि त्या माणसासाठी मिस्सा अर्पण करविल्या. त्या वादकाचे पुढे काय झाले, हे कोणालाच कळले नाही. देवाची क्षमा मिळाली तरी हिरावलेली वस्तू परत देता येतेच असे नाही. ही बोच त्यांच्या मनात अखेरपर्यंत राहिली.

आयुष्याची पुढची वर्षे त्यांनी टी. अँड सी. मार्टिन यांच्या लाकडाच्या वखारीत काढली. ते फ्रान्सिस्कन तृतीय संघाचे सदस्य झाले. अडखळत वाचणाऱ्या या मजुराने चिकाटीने धर्मग्रंथ वाचले; त्यांत ऑगस्टीन यांचे आत्मकथनही होते. १९१३ च्या डब्लिनमधील प्रसिद्ध टाळेबंदीच्या काळात ते कामगार संघटनेचे सभासद होते आणि मुलेबाळे असलेल्या सहकाऱ्यांना जवळचे पैसे देत. आई १९१५ मध्ये निवर्तली, तोवर ते तिच्याजवळच राहिले. लग्न त्यांनी केले नाही.

रात्री लाकडी फळीवर निजणे, उशीला लाकडाचा ठोकळा, अत्यल्प आहार आणि अंगावरच्या त्या साखळ्या हे सारे आजच्या वाचकाला अतिरेकी वाटेल. साखळ्या हे मारियेच्या चरणी अर्पिलेल्या दास्याचे चिन्ह होते. तिच्या भक्तीची ती एक जुनी रीत. अशी तपश्चर्या प्रत्येकाने करावी, असे त्यांनी कधी सुचवले नाही. ती त्यांनी लपवूनच ठेवली. दारू सुटत नाही म्हणून एखाद्याचा तिरस्कार करू नये, असे मात्र त्यांचे सांगणे असे. मेलेल्याला उठवण्याइतके ते अवघड आहे, पण देवाला दोन्ही शक्य आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

शंभर वर्षांनंतर

सर जोसेफ ग्लिन यांनी लिहिलेले त्यांचे छोटेखानी चरित्र १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा अनामिक मजूर जगाला ठाऊक झाला. १९३१ मध्ये डब्लिनच्या आर्चबिशपांनी त्यांच्या जीवनाची चौकशी सुरू केली. ३ ऑक्टोबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले. संतपदाच्या वाटेवरील ही एक पायरी. लिफी नदीवरील १९७८ मध्ये खुल्या झालेल्या पुलाला त्यांचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे पूर्ण झाली.

त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, अमेरिकेतील अॅक्रन शहरात ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा उगम झाला. एका वेळी फक्त आजच्या दिवसापुरते न पिण्याचा तिचा मार्ग टॅलबट यांच्या तीन महिन्यांच्या शपथेशी नाते सांगणारा आहे. या संघटनेचा युरोपातील पहिला गट १९४६ मध्ये सुरू झाला, तो डब्लिनमध्येच.

टॅलबट यांचे अवशेष १९७२ पासून शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटवरील अवर लेडी ऑफ लूर्ड्स चर्चमध्ये आहेत. याच वस्तीत १९८० च्या दशकात हेरॉईनने असंख्य तरुणांचा बळी घेतला. तिथल्या शवपेटीसमोर येणारे बहुतेक जण स्वतःसाठी काही मागत नाहीत. कोणी मुलाचे नाव घेते, कोणी नवऱ्याचे, कोणी भावाचे. फार मोठे मागणेही नसते. आजची संध्याकाळ त्याने न पिता घरी यावे, एवढेच.