ताडाच्या कोंबकुजीचे मूळ शोधणारे एडविन बटलर

औंढे, लोणावळा परिसरात बंगल्याभोवती लावलेला माड किंवा बॉटल पाम पावसाळ्यात अचानक मान टाकतो. मधले कोवळे पान पिवळे पडते, ओढले की सहज हातात येते, बुडाला कुजका वास येतो. अशा वेळी खताची मात्रा वाढवली जाते आणि झाड हातचे जाते. या रोगाचे कारण शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

एडविन जॉन बटलर यांचा जन्म १८७४ मध्ये आयर्लंडमधील किलकी येथे झाला. शिक्षण वैद्यकीचे, पण ओढ बुरशीच्या अभ्यासाची. १९०१ मध्ये ते भारतात आले आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत काम करू लागले. आपल्याकडील तुरीच्या मर रोगाच्या बुरशीच्या शास्त्रीय नावापुढे आजही बटलर यांचेच नाव लागते.

त्या काळी गोदावरीच्या मुखाकडील भागात ताडाची झाडे मरत होती. ताडावर अनेक कुटुंबांचे पोट होते. बटलर यांनी रोगट शेंडे उकलून पाहिले. बाहेरच्या देठांवरचे डाग एकेका थरातून आत सरकत कोंबापर्यंत पोहोचत होते. ताडमाडाला वाढीचा कोंब एकच, तो कुजला की झाड संपले. १९०७ मध्ये त्यांनी या बुरशीचे वर्णन केले. आज ती फायटोप्थोरा पामिव्होरा नावाने ओळखली जाते. रोगट शेंडे तोडून जाळणे हा त्यांचा मुख्य सल्ला होता.

१९१८ मध्ये त्यांचा भारतातील पीकरोगांवरचा ग्रंथ आला. १९२० मध्ये ते इंग्लंडमधील क्यू येथे नव्या बुरशीशास्त्र संस्थेचे संचालक झाले. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपण काय करावे?

- आधी निदान करा. खोडाला छिद्रे, तपकिरी स्राव व चघळलेला भुसा दिसल्यास सोंड्या भुंगा समजावा. पानांवर त्रिकोणी काप असल्यास गेंड्या भुंगा. फक्त खालची जुनी पाने पिवळी असतील, तर ती कोंबकुज नव्हे.
- कोंबकुज सुरुवातीला असल्यास कुजलेला भाग निरोगी भागापर्यंत खरवडून काढा व जाळा. जखमेवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर). नवे पान येईपर्यंत पावसाचे पाणी शिरणार नाही असे झाका.
- शेजारच्या झाडांच्या कोंबावर पावसाळ्यापूर्वी १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. द्रावण प्लॅस्टिकच्या भांड्यात करा. त्यात लोखंडी सुरी बुडवल्यावर तांबूस थर आला, तर चुना वाढवा.
- कोंब पूर्ण मेला असल्यास झाड ठेवू नका. शेंडा तोडून जाळा, म्हणजे बाकीची झाडे वाचतील.