स्प्रेग, चढ आणि माझी व्हायव्हा

मशीन्सच्या व्हायव्हाला सरांनी विचारलं, मोटरवर लोड टाकला की करंट का वाढतो? ब्रेकचा पट्टा मीच आवळला होता, रीडिंगही मीच घेतली होती. पण उत्तर काही येईना. नंतर लायब्ररीत फ्रँक स्प्रेग भेटला आणि डोक्यात प्रकाश पडला.

स्प्रेगचा जन्म १८५७ सालचा, अमेरिकेतल्या मिलफर्डचा. नौदलाच्या अकादमीतून तो १८७८ मध्ये बाहेर पडला. १८८३ मध्ये नौदल सोडून एडिसनकडे लागला, पण तिथंही रमला नाही. १८८४ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. लोड कमी-जास्त झाला तरी वेग जवळजवळ तोच राखणारी त्याची मोटर गाजली.

खरी परीक्षा पुढेच होती. १८८७ मध्ये त्याने रिचमंड शहरात विजेच्या ट्राम चालवायचं कंत्राट घेतलं. गाड्या ४० आणि वाटेत १० टक्क्यांचा चढ! एका रात्री चाचणीची गाडी चढ चढली खरी, पण मोटर जळाली. लोकांत फजिती नको म्हणून पठ्ठ्या अंधारात थांबून राहिला. शेवटी खेचरं आणून गाडी ओढून न्यावी लागली.

कारण तेच, माझ्या व्हायव्हातलं. मोटर फिरताना तिच्यात उलटं व्होल्टेज, म्हणजे बॅक ईएमएफ, तयार होतो. करंटला आवर घालतो तो हाच. लोड वाढला की वेग उतरतो, बॅक ईएमएफ घटतो, करंट वाढतो आणि लागणारा जादा टॉर्क मिळतो. पण करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट!

स्प्रेगने मग गिअर बदलले, एका टप्प्याऐवजी दोन टप्प्यांचे. आता चाक सावकाश पण मोटर जोरात, त्यामुळे तोच चढ कमी करंटमध्ये. फेब्रुवारी १८८८ मध्ये ट्राम सुरू झाली. बॉस्टनच्या ट्राम कंपनीचे प्रमुख बघायला आले, तेव्हा त्याने रात्री २२ गाड्या एकापाठोपाठ एकाच मार्गावर सोडल्या. दिवे मिणमिणले, पण गाड्या निघाल्या!

१८९७ मध्ये शिकागोत त्याने अनेक डब्यांच्या मोटरी एकाच ठिकाणाहून चालवून दाखवल्या. आपली मुंबईची लोकल याच तत्त्वावर धावते. १९३४ मध्ये स्प्रेग गेला.

मित्रांनो, सबमिशनचा लोड आला की आपणही असेच तापतो. तेव्हा मोटरला शिव्या न घालता आधी गिअर बदलून बघावा. आणि हो, दुसऱ्या व्हायव्हाला मी पास झालो!