हजारातले सात अणू

एन्रिको फर्मी १३ वर्षांचे असताना त्यांचा मोठा भाऊ ज्युलिओ घशातील गळवाच्या साध्याशा शस्त्रक्रियेदरम्यान दगावला. एकटा पडलेला हा मुलगा भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत बुडून गेला. रोममध्ये १९०१ साली जन्मलेले फर्मी पंचविशीतच तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९३४ मध्ये त्यांनी एकेका मूलद्रव्यावर न्यूट्रॉनचा मारा केला. वाटेत पॅराफिन मेणाचा ठोकळा ठेवला की न्यूट्रॉन मंदावतात आणि मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रात अधिक सहज शिरतात, हे त्यांना आढळले. युरेनियमपासून नवी मूलद्रव्ये तयार झाली, असा मात्र त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात अणू फुटत होता. ते जर्मनीतील प्रयोगांतून १९३८ च्या अखेरीस उघड झाले. त्याच डिसेंबरात फर्मी नोबेल पारितोषिक घेण्यासाठी स्टॉकहोमला गेले आणि तेथूनच सहकुटुंब अमेरिकेला निघाले. पत्नी लॉरा ज्यू होत्या आणि मुसोलिनीच्या राजवटीने ज्यूविरोधी कायदे केले होते.

निसर्गातील युरेनियमच्या दर १००० अणूंत सुमारे ९९३ अणू युरेनियम-२३८ चे असतात आणि अवघे ७ युरेनियम-२३५ चे. दोन्हींत प्रोटॉन ९२ च. फरक फक्त तीन न्यूट्रॉनचा. त्यामुळे रासायनिक प्रक्रियेने ते वेगळे करता येत नाहीत. पण मंद न्यूट्रॉनने फुटतो तो २३५. फुटताना तो ऊर्जा देतो आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सोडतो. त्यांनी पुढचे अणू फोडले की साखळी सुरू होते.

२ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठाच्या स्टेडियमखालील स्क्वॉश कोर्टात फर्मींनी नैसर्गिक युरेनियम आणि ग्रॅफाइटच्या विटांची रास रचून ही साखळी प्रथमच चालवली. ग्रॅफाइट न्यूट्रॉनचा वेग कमी करत होते, कॅडमियम जादा न्यूट्रॉन शोषत होते. शक्ती मिळाली अर्धा वॅट. पण साखळी हवी तेव्हा सुरू झाली आणि हवी तेव्हा थांबली.

आजच्या बहुतेक अणुवीज केंद्रांत २३५ चे प्रमाण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत वाढवलेले असते. बॉम्बसाठी ते सुमारे ९० टक्के लागते. म्हणून अणुभट्टीत अपघात होऊ शकतो, किरणोत्सर्गही बाहेर पडू शकतो. पण तिचा अणुबॉम्ब होत नाही. हिरोशिमावरील बॉम्बमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होते. त्यातले एक किलोहूनही कमी फुटले आणि शहर बेचिराख झाले.

तरीही भट्टी आणि बॉम्ब यांचे नाते तुटत नाही. भट्टीत न्यूट्रॉन शोषलेल्या २३८ पासून प्लुटोनियम बनते. नागासाकीवरचा बॉम्ब प्लुटोनियमचा होता. आणि थायरॉइडच्या रुग्णांना दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीनही अणुभट्टीतच तयार होते.

जून १९४५ मध्ये जपानविरुद्ध बॉम्ब वापरण्याच्या बाजूने मत देणाऱ्या चार शास्त्रज्ञांत फर्मी होते. १९४९ मध्ये हायड्रोजन बॉम्बचा प्रश्न आला, तेव्हा मात्र इसिडोर रबी यांच्यासह त्यांनी नैतिक कारणांवरून विरोध नोंदवला. सरकारने उलट निर्णय घेतल्यावर त्याच कामाला त्यांनी काही काळ हातभारही लावला.

१९५४ मध्ये शस्त्रक्रियेसाठी पोट उघडले, तेव्हा जठराचा कर्करोग पसरलेला निघाला. तो किरणोत्सर्गामुळेच झाला का, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. रुग्णालयात नळीतून अन्न दिले जात असताना फर्मी स्टॉपवॉच लावून थेंब मोजत आणि वेग काढत. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, शिकागोत त्यांचे निधन झाले.