व्हॉट्सॲप, चौकातला सिग्नल आणि एर्लांग नावाचा माणूस

मागच्या सुट्टीत गडचिरोलीत होतो. इंदिरा गांधी चौकात चंद्रपूर, आरमोरी, चामोर्शी, धानोरा अशा चारही दिशांच्या गाड्या एकात एक अडकल्या होत्या. माझ्या पुढे ट्रक, मागे सायरन वाजवणारी १०८. तिला वाट द्यायची तर देणार कुठून? घरी आलो तरी डोक्यात तेच. अशा चौकात सिग्नल वाढती वाहतूक पेलेल का, हे आधीच कसं काढतात? शोधत शोधत पोचलो ते चक्क एका टेलिफोन कंपनीतल्या गणितज्ञापाशी.

मास्तरांचा मुलगा

आग्नर क्रारुप एर्लांगचा जन्म १ जानेवारी १८७८ चा, डेन्मार्कमधल्या लोनबोर्ग गावातला. वडील शाळामास्तर. हुशार इतका की चौदाव्या वर्षीच विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झाला. वय कमी म्हणून खास परवानगी काढावी लागली. १९०१ मध्ये कोपनहेगनहून गणिताची पदवी घेतली, काही वर्षं शिकवलं आणि १९०८ मध्ये कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला.

तिथला प्रश्न साधा होता. कॉल कधी येईल हे सांगता येत नाही, मग लाइन किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर लोक ताटकळतात, जास्त ठेवल्या तर पैसा वाया. १९०९ मध्ये त्याने यावर पहिला निबंध लिहिला, १९१७ मध्ये आजही वापरात असलेली सूत्रं दिली. हा नुसता टेबलावरचा गणिती नव्हता. मोजमापासाठी शिडी घेऊन रस्त्यावरच्या मॅनहोलमध्ये उतरायचा. लग्न केलं नाही. गरजूंना मदत करायचा. कंपनीत जवळपास वीस वर्षं काढली आणि ३ फेब्रुवारी १९२९ ला, वयाच्या ५१ व्या वर्षी गेला.

चौकाशी काय संबंध?

कॉलच्या जागी गाड्या आणि लाइनच्या जागी हिरवा दिवा ठेवून बघा. १९५८ मध्ये ब्रिटनच्या वेबस्टरने सिग्नलवरच्या खोळंब्याचं सूत्र मांडलं, त्यातला एक भाग याच रांगेच्या गणिताचा आहे.

समजा, चौकात येणारी बाजू ७ मीटर रुंद आहे. इंडियन रोड काँग्रेसचं जुनं सूत्र सांगतं: रुंदी गुणिले ५२५. म्हणजे दिवा सतत हिरवा असेल तर ताशी ३,६७५ कार. पण ९० सेकंदांच्या फेरीत हिरवा ३० सेकंदच असेल, तर क्षमता उरते १,२२५. येणाऱ्या गाड्या १,१०० असतील तर भार झाला ९०%. ट्रक मोजताना तो एकापेक्षा जास्त कार धरायचा, हे विसरू नका.

९०% म्हणजे अजून १०% जागा आहे, असं वाटतं ना? इथेच आपण फसतो. गाड्या ठरावीक अंतराने येत नाहीत, घोळक्याने येतात. त्यामुळे होणारा खोळंबा ५०% भाराच्या तुलनेत ९०% ला ९ पट होतो आणि ९५% ला १९ पट! सूरजागडच्या खनिजाचे ट्रक थोडे जरी वाढले, तरी रांग थोडीशी वाढत नाही.

१९४६ मध्ये टेलिफोन वाहतुकीच्या एककाला एर्लांगचं नाव दिलं गेलं. पुढे एरिक्सनमध्ये बनलेल्या प्रोग्रामिंग भाषेलाही. व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच भाषेवर उभे राहिले.

पुढच्या खेपेला मी चौकात तासभर उभा राहून मोबाइलवर गाड्या मोजणार आहे. तुम्हीही तुमच्या चौकात मोजा. आकडा ९० च्या आसपास आला, तर नगर परिषदेला अर्ज करताना तोच सोबत जोडा.