टिपू सुलतान, लोखंडी बाण आणि आपला मुलूख

२ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ रॉकेट उडालं. त्यानं भारतीय नौदलासाठी सुमारे ४,४०० किलो वजनाचा सीएमएस-०३ उपग्रह वर नेला. २०१३ मध्ये नौदलाचा जीसॅट-७ पाठवायचा होता तेव्हा फ्रेंच गयानात जाऊन परक्याचं रॉकेट घ्यावं लागलं होतं. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा आम्ही हे वर्गात सांगत होतो. एका पोरानं विचारलं, लढाईत रॉकेट पहिल्यांदा कुणी उडवलं? पहिल्यांदा म्हणाल तर चिन्यांनी. पण ज्या रॉकेटनं इंग्रजांना धडा घ्यायला लावला, ते म्हैसूरचं. तिथून विषय टिपू सुलतानांवर गेला.

हा हुनर त्यांच्या घरातच होता. आजोबा फतेह मुहम्मद अर्काटच्या नवाबाकडे पन्नास बाणदारांचे नायक होते. त्या काळी रॉकेटला आपल्याकडे बाणच म्हणत. वालिद हैदर अली यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाला मात्र त्यांनी चांगले उस्ताद लावले. टिपूंचा जन्म १७५० चा, बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीचा. पंधरा-सोळाव्या वर्षापासून ते वालिदसोबत मोहिमांवर जाऊ लागले.

बाण मोगलांकडे होते, मराठ्यांकडेही होते. मग म्हैसूरच्या बाणात वेगळं काय? नळी. बाकीच्यांची नळी बांबूची किंवा कागदाची. त्यात दारू जास्त ठासली की नळीच फुटायची. म्हैसूरच्या कारीगरांनी ती लोखंडी पत्र्याची केली. साधारण वीतभर लांबीच्या नळीत दारू घट्ट ठासता आली, वायूचा दाब वाढला आणि मागच्या भोकातून तो जोरानं सुटू लागला. नळीला लांब बांबू बांधायचा, कधी तलवारीचं पातं. बाण दीड-दोन किलोमीटरवर जाऊन पडे. दिवाळीतलं रॉकेट बाटलीत उभं करताना काडी कशाला लागते, ते पोरांना विचारा. इथेही तेच काम. नेम फार अचूक नसायचा, हेही खरं. पण एकदम शेकडो सुटले की घोडे उधळायचे, रांगा मोडायच्या.

१० सप्टेंबर १७८० ला पोल्लिलूर इथं हैदर अली आणि टिपू यांनी कर्नल बेलीची फौज बुडवली. इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्यांना आग लागून स्फोट झाले, त्यात या बाणांचाही वाटा मानला जातो. १७८२ मध्ये हैदर अलींचा इंतकाल झाला आणि टिपू तख्तावर आले. त्यांनी प्रत्येक पलटणीत बाणदारांची वेगळी तुकडी ठेवली आणि फौजेसाठी 'फतहुल मुजाहिदीन' हा फारसी ग्रंथ लिहवून घेतला. बेंगळुरूत बाण बनवायची पेठ होती, नाव तारामंडलपेठ. कूर्ग आणि मलबारात त्यांचा हात फार कठोर होता, हेही मुलांपासून लपवू नये असं आम्हांला वाटतं.

आता आपल्याकडचं बघा. नांदेड-लातूरचा हा मुलूख तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे होता. निजाम, पेशवे आणि कंपनी एक झाले आणि १७९२ मध्ये टिपूंना झुकावं लागलं. अर्धं राज्य गेलं, तीन कोटी तीस लाखांचा दंड बसला, आणि तो फिटेपर्यंत दोन लहान मुलं ओलीस द्यावी लागली. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं तेव्हा कंपनी मदतीला आली नाही. तरी १७९८ मध्ये निजामानं तिचीच तैनाती फौज घेतली.

१७९९ मध्ये निजामाची फौज श्रीरंगपट्टणवर गेली ती आर्थर वेलस्लीच्या हाताखाली. ५ एप्रिलच्या रात्री सुलतानपेठच्या झाडीत बाण आणि बंदुकांच्या माऱ्यानं वेलस्लीची तुकडी उधळली, त्याला अंधारात माघारी यावं लागलं. पण महिन्याभरात किल्ल्याला खिंडार पडलं. ४ मे १७९९ ला टिपू किल्ल्याच्या दरवाज्याजवळ लढता लढता शहीद झाले. वय अठ्ठेचाळीस. जलशांत मीर सादिकच्या नावानं आपण बोटं मोडतो. ते सोपं आहे, तो दूरचा माणूस. वेढ्यात आपल्याच निजामाचं लष्कर उभं होतं, त्यात या तालुक्यांतलेही शिपाई असतील, हे कुणी बोलत नाही. आणि तोच वेलस्ली चार वर्षांनी आपल्याच मराठवाड्यात, जालन्याच्या असईला, शिंदे-भोसल्यांना हरवून गेला.

बाणांचं पुढे काय झालं? काही इंग्लंडला वूलिचच्या तोफखान्यात पोचले. तिथं विल्यम काँग्रीव्हनं प्रयोग केले, आणि १८०७ मध्ये कोपनहेगनवर त्याच जातीची रॉकेटं पडली. काँग्रीव्हचं नाव पुस्तकांत छापलं गेलं. तारामंडलपेठेतल्या लोहारांपैकी एकाचंही नाव आम्हांला सापडलं नाही. अब्दुल कलाम साहेब तरुणपणी अमेरिकेत नासाच्या वॉलॉप्स केंद्रात गेले, तेव्हा तिथल्या भिंतीवर त्यांना टिपूंच्या बाणदारांचं चित्र दिसलं. आत्मचरित्रात त्यांनी ते नोंदवलंय.

२०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर गावी एका कोरड्या विहिरीत हजारावर बाण सापडले, गंजलेले, दारू भरलेले. लातूरहून यशवंतपूरला रेल्वे जाते. आपल्या घरातली माणसं म्हैसूरचा राजवाडा बघून येतात, वृंदावन बाग बघून येतात. मध्येच श्रीरंगपट्टण लागतं. तिथं दर्या दौलत बागेतल्या महालाच्या भिंतीवर पोल्लिलूरची लढाई रंगवलेली आहे. पोरांना घेऊन एक तास तिथं थांबा.