वाढत्या मेंदूचा वाटाड्या : काहाल

स्पेनमधल्या पेतिल्या दे आरागॉन या डोंगराळ खेड्यात १ मे १८५२ रोजी सान्तियागो रामोन इ काहाल यांचा जन्म झाला. मुलाला चित्रकार व्हायचे होते, वडिलांना त्याला डॉक्टर करायचे होते. खोडकर पोराला वठणीवर आणण्यासाठी वडिलांनी त्याला काही काळ न्हाव्याकडे आणि जोडे शिवणाऱ्याकडे कामाला ठेवले. अखेर दफनभूमीतल्या हाडांची चित्रे काढता काढता त्याला शरीररचनेची गोडी लागली. पुढे लष्करी डॉक्टर म्हणून तो क्युबाला गेला आणि हिवतापाने खंगून परतला.

१८८७ मध्ये काहाल यांनी माद्रिदला इटलीच्या कामिलो गॉल्जी यांच्या पद्धतीने रंगवलेले मेंदूचे काप पाहिले. चांदीच्या क्षारामुळे त्यात मोजक्याच चेतापेशी काळ्या उठून दिसत. पण प्रौढ मेंदूत तंतूंची दाट गुंतागुंत असते आणि त्यांच्यावरच्या स्निग्ध आवरणामुळे रंग नीट चढत नाही. म्हणून काहाल यांनी पक्ष्यांचे आणि लहान सस्तन प्राण्यांचे भ्रूण व पिल्ले निवडली. मेंदू म्हणजे एकसंध जाळे, असे तेव्हा अनेक जण मानत. काहाल यांना मात्र प्रत्येक पेशी स्वतंत्र दिसली. १८८८ मध्ये त्यांनी पदरमोड करून स्वतःचे नियतकालिक काढले, पण स्पॅनिशमधले ते लेखन बाहेर फारसे कोणी वाचेना. मग १८८९ मध्ये ते आपले काप घेऊन बर्लिनला गेले. तिथे ज्येष्ठ शास्त्रज्ञ कोलिकर यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांची खात्री पटली.

१८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात काहाल यांना वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर भाग दिसला. हा ‘वृद्धिशंकू’ वाट काढत पुढे सरकतो, हे त्यांनी निर्जीव पेशींवरून ताडले. त्याला वाट कोण दाखवते? काही पेशी रसायने सोडून तंतूंना आकर्षित करत असाव्यात, असे त्यांनी १८९२ मध्ये मांडले.

१९०६ चे नोबेल त्यांना गॉल्जींसोबत विभागून मिळाले. गॉल्जींनी त्याही व्यासपीठावर स्वतंत्र पेशींच्या कल्पनेला विरोधच केला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातला जिवंत तंतू वाढताना पाहिला. रसायनांचा पुरावा मात्र काहाल यांच्या हयातीत मिळाला नाही. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदला त्यांचे निधन झाले.

१९५० च्या दशकात रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी चेतातंतूंची वाढ घडवणारे प्रथिन शोधले. त्यांना १९८६ चे नोबेल मिळाले. अशी प्रथिने काही चेतापेशींना जगवतात आणि त्यांच्या तंतूंना वाढवतात. तंतूंना दिशा देणारी वेगळी रसायनेही १९९० च्या दशकात सापडली.

या प्रथिनांच्या जनुकांनाही वेळापत्रक असते. १९९० मध्ये उंदरांच्या मेंदूत असे दिसले, की अशाच एका प्रथिनाचे, एनटी-३ चे जनुक कोवळ्या वयात जोमाने काम करते आणि नंतर मंदावते. बीडीएनएफ या दुसऱ्या प्रथिनाचे जनुक मात्र मेंदू परिपक्व होताना अधिक सक्रिय होते. काहाल यांनी शाईने रेखाटलेल्या तंतूंच्या वाढीमागे कोणते जनुक केव्हा जागे होते, याचा शोध आज प्रयोगशाळांत सुरू आहे.